जिप्सीत बलेनोचं १.६ इंजिन: रेडिएटर कोणता घ्यावा आणि बसवावा कसा?

फोरबायफोर_पौडफाटा

मारुती जिप्सी किंगमधलं १२९८ सीसीचं इंजिन काढून जुन्या बलेनो सेडानचं जी१६बी (१५९० सीसी, ९४ बीएचपी) बसवतोय. माउंटिंग, बेल हाउसिंग, सम्प झालंय. बलेनोत हे इंजिन आडवं असतं, इथे उभं बसलंय, त्यामुळे पाण्याचे दोन्ही तोंडं जिप्सीच्या मूळ होजना जुळत नाहीत. इंजिन थोडं पुढे आल्यामुळे बेल्टवरच्या फॅनला जागा उरली नाही, म्हणजे इलेक्ट्रिक फॅन आलाच. एसीही बसवायचा आहे, कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळी) रेडिएटरच्या पुढे येईल.

मापं: ग्रिलमागे मोकळी चौकट रुंदीला ५४० मिमी, उंचीला ४२० मिमी. रेडिएटरच्या पुढच्या अंगापासून वॉटर पंपाच्या पुलीपर्यंत १४० मिमी. मूळ रेडिएटर अर्धा चोंदलेला आहे, तो ठेवायचा नाही.

प्रश्न असे: रेडिएटरची जाळी (हवा जाते तो नळ्यांचा मधला भाग) किती जाडीची घ्यावी? मला एकाने ५६ मिमीची सुचवली आहे. तांबं-पितळ की अॅल्युमिनियम? १२ इंची एक फॅन पुरेल का? वापर म्हणजे रोज शहरात, शनिवार-रविवार वरंध, ताम्हिणी आणि कच्चे रस्ते.

---

उष्मागणित

५६ मिमीचा विचार आधी डोक्यातून काढा. तुमची अडचण जाळीच्या जाडीची नाही, हवेची आहे. हिशोब मांडतो, म्हणजे पटेल.

भरलेली जिप्सी १४०० किलो धरा, चढ ८ टक्के, वेग ताशी ४० किमी. चढ चढायला साधारण १२ किलोवॅट, जाड नक्षीच्या टायरांना ३, हवेच्या विरोधाला १. गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि एक्सलमधली गळती धरून इंजिनाला २० किलोवॅटच्या आसपास काढावे लागतात. पेट्रोल इंजिनात ढोबळमानाने जेवढी शक्ती क्रँकवर मिळते जवळपास तेवढीच उष्णता पाण्यात उतरते. म्हणजे रेडिएटरने २० किलोवॅट बाहेर फेकायचे.

एप्रिलमध्ये बाहेर ४० अंश, पाणी ९२ अंश. बरी जाळी असेल तर हवा या फरकाच्या तीन चतुर्थांश तापून बाहेर पडते, म्हणजे ३८-३९ अंशांनी. तेवढ्यावर २० किलोवॅट न्यायला सेकंदाला अर्धा घनमीटर हवा लागते, फॅनच्या भाषेत १०५० सीएफएम (मिनिटाला घनफूट). आता एसी चालू करा. कंडेन्सरमुळे रेडिएटरसमोर येणारी हवा ५० अंशांची होते, कॉम्प्रेसर इंजिनाकडून आणखी ३ किलोवॅट ओढतो. लागणारी हवा सेकंदाला ०.७ घनमीटरच्या वर, १५०० सीएफएम. एसीचं बटण दाबलं की हवेची गरज जवळपास दीडपट होते. एक्सप्रेसवेवर १०० च्या वेगात इंजिन याहून जास्त शक्ती काढतं, पण तिथे हवा आपसूक मिळते. तुमची परीक्षा कात्रजच्या जुन्या घाटात ट्रकमागे होणार आहे.

जाळी जाड केली की हवेला आत शिरायला जोर जास्त लागतो. इलेक्ट्रिक फॅनच्या अंगात तो जोर नसतो. शिवाय जाळीच्या पहिल्या २५-३० मिमीतच हवा बरीचशी तापते, मागच्या भागाला गरम हवाच मिळते. म्हणून क्रम असा: आधी समोरचं क्षेत्रफळ जितकं काढता येईल तितकं काढा, मग हवा जाळीतूनच जाईल याची सोय करा, मग जाडी.

तुमच्या चौकटीत वर-खाली टाक्या असलेला रेडिएटर घेतला (टाकी ५० मिमीची धरून) तर जाळी ५२० गुणिले ३२० मिळते, ०.१६६ चौरस मीटर. टाक्या डाव्या-उजव्या बाजूला घेतल्या तर ४४० गुणिले ४००, ०.१७६. फरक ६ टक्क्यांचा. एवढ्यासाठी आडव्या प्रवाहाच्या मागे लागू नका. वर टाकी असली की हवा आपोआप वर जमते आणि झाकणातून निघते, हा फायदा या बिल्डमध्ये मोठा आहे.

जाडी ३२ मिमी. फिन (नळ्यांमधल्या पातळ पट्ट्या) इंचाला १२ ते १४. त्याहून दाट फिन कागदावर भारी दिसतात, पण कच्च्या रस्त्यावर धूळ आणि कुसळं अडकली की दोन महिन्यांत त्यांचा फायदा संपतो.

---

जाळीवाला_नानापेठ

वरच्यांशी जाडीबद्दल सहमत. जागेच्या हिशोबानेही ५६ बसत नाही: ५६ ची जाळी, २० मिमी अंतर, ६२ मिमीचा फॅन, झाले १३८. पुलीला राहिले २ मिमी. ब्रेक मारल्यावर इंजिन रबरावर पुढे झुकतं, २० मिमी तरी मोकळे हवेतच. ३२ च्या जाळीने २६ मिमी उरतात.

तांबं की अॅल्युमिनियम यावर माझं मत जरा वेगळं पडेल. तांबं-पितळेच्या रेडिएटरला भोरमध्ये, महाडमध्ये, कुठेही डाग देता येतो. नळी फुटली तर दोन्हीकडून बंद करून पुढे जाता येतं, चोंदली तर टाकी उघडून रॉडिंग (नळ्यांत सळई घालून सफाई) होतं. अॅल्युमिनियमला टिग वेल्डिंग लागतं, आणि भट्टीत ब्रेझ केलेल्या जाळीच्या मुळाशी टिग नीट मारणारा माणूस रोज भेटत नाही. पण तांब्याच्या नळ्या अरुंद असतात, ३२-३६ मिमीत दोनच ओळी बसतात. अॅल्युमिनियमच्या नळ्या रुंद, त्यामुळे तेवढ्याच जाडीत फिनला चिकटलेलं अंग जास्त. एसी नसता तर मी डोळे झाकून दोन ओळींचं तांबं सांगितलं असतं. एसी असल्याने पूर्ण अॅल्युमिनियम घ्या, टाक्याही अॅल्युमिनियमच्या. प्लास्टिक टाकीचा तयार रेडिएटर स्वस्त पडतो, पण त्याच्या तोंडांची दिशा बदलता येत नाही आणि दुमडलेल्या पट्ट्या एकदा उघडल्या की पुन्हा तितक्या घट्ट बसत नाहीत.

पुठ्ठ्याचा साचा करून या, कागदावरची मापं घेऊन येऊ नका. चौकटीत बसणारा ५४० गुणिले ४२० चा पुठ्ठा कापा, त्यावर इंजिनाच्या दोन्ही तोंडांची जागा आणि दिशा पेनाने दाखवा, बॉनेटची कडी कुठे येते तेही. नाना पेठेत तयार रेडिएटरवर हा पुठ्ठा ठेवून पाहिला की पाच मिनिटांत कळतं काय जुळतंय. काहीच जुळलं नाही तर जाळी घ्या आणि टाक्या बनवून घ्या. पत्रा २.५ ते ३ मिमी. तोंडं, ड्रेन आणि सेन्सरचा बुश टाकीवर आधी वेल्ड करायचे, मग टाकी जाळीवर. उलट क्रमाने केलं तर तोंड वेल्ड करतानाची उष्णता नळ्यांच्या मुळापर्यंत जाते, आणि लीक महिन्याभराने दिसतं.

वरचं आणि खालचं तोंड विरुद्ध कोपऱ्यांत ठेवा, एकाच बाजूला दिलीत तर पलीकडच्या नळ्यांना पाणी कमी मिळतं. इंजिनाच्या तोंडाचा बाहेरचा व्यास व्हर्निअरने मोजा आणि तेवढाच रेडिएटरला द्या. फरक ठेवावाच लागला तर लेथवर अॅल्युमिनियमचा जोड करून घ्या. तोंडाच्या टोकाला दीड-दोन मिमीचा उंचवटा हवाच आणि क्लिप त्याच्या मागे बसली पाहिजे. गुळगुळीत पाइपवर क्लिप कितीही आवळा, गरम झाल्यावर होज सरकतो.

होजसाठी पन्हळीचा वाकणारा पाइप वापरू नका. दुकानात टांगलेल्या निरनिराळ्या गाड्यांच्या साच्यातल्या होजांमधून हवा तो बाक शोधा आणि तेवढा तुकडा कापून घ्या. खालचा होज पंप ओढत असतो, त्यात स्प्रिंग नसेल तर ३५०० आरपीएमच्या वर तो चपटा होतो. उभ्या गाडीत सगळं ठीक आणि हायवेला काटा वर, असं झालं की आधी हा होज बघा.

बसवताना चेसिसला घट्ट बोल्ट करू नका. जिप्सीची चेसिस खड्ड्यात पिळवटते आणि तो पीळ टाकीच्या वेल्डवर येतो. खाली दोन खुंट्या रबर बुशमध्ये, वर दोन रबरी पकडी, सगळीकडे ३-४ मिमी हालचाल राहू द्या. तयार झाल्यावर तोंडं बंद करून पाण्याच्या हौदात दीड बारवर दहा मिनिटं ठेवायला सांगा आणि समोर उभं राहून बघा.

---

वायरिंग_भोसरी

फॅनचं सांगतो. १२ इंची एकच नको, १० इंचाचे दोन घ्या. तुमच्या ५२० गुणिले ३२० च्या जाळीवर दोन १० इंची शेजारी शेजारी बरोबर बसतात (२५४ अधिक २५४, म्हणजे ५०८). पात्यांखालचं क्षेत्रफळ १२ इंचीपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त मिळतं. आणि यात अजून एक सोय आहे. फॅन सगळ्यात जाड असतो तो मध्ये, मोटरपाशी. एकच फॅन मधोमध लावला तर त्याची मोटर नेमकी पुलीच्या समोर येते. दोन लावले की मोटरा मध्यापासून १३०-१३० मिमी बाजूला जातात आणि पुलीसमोर मोकळी जागा राहते. तुमच्या १४० मिमीत ही गोष्ट निर्णायक आहे.

फॅन जाळीत प्लास्टिकच्या पट्ट्या खुपसून लावतात तसा अजिबात लावू नका. पट्टीच्या कंपनाने नळी घासून भोक पडतं. शिवाय काऊल (फॅन आणि जाळीमधलं पत्र्याचं आवरण) नसेल तर फॅन फक्त आपल्या समोरच्या गोलातून हवा ओढतो, कोपरे फुकट जातात. दीड मिमी अॅल्युमिनियम पत्र्याचा काऊल करा, पूर्ण जाळी झाकणारा, फॅन जाळीपासून २० मिमी मागे. काऊलच्या वरच्या कोपऱ्यांत दोन झडपा ठेवा, जाड रबर पत्र्याच्या, फक्त वरच्या कडेला रिव्हेट केलेल्या. गाडी वेगात असताना त्या वाऱ्याने उघडतात, नाहीतर फॅनच्या पात्यांमागे हवा अडते.

कंडेन्सर आणि रेडिएटरमध्ये १०-१५ मिमी अंतर, आणि त्या फटीला चारही बाजूंनी फोमची पट्टी. ग्रिल ते कंडेन्सर बाजूंनाही पत्रा लावून बंद करा. जिप्सीचं नाक सपाट असल्यामुळे इंजिनकडची गरम हवा बाजूच्या फटींतून पुन्हा पुढे येते आणि तीच हवा रेडिएटर परत ओढतो. खात्री करायची तर फॅन चालू करून उदबत्ती रेडिएटरच्या कडेने फिरवा. धूर मागून पुढे येताना दिसला की तिथे फट आहे.

वायरिंग: प्रत्येक फॅनला स्वतंत्र ३०/४० अँपिअर रिले, बॅटरीजवळ स्वतंत्र २० अँपिअरचा फ्यूज, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर. १० इंची फॅन चालताना ७-८ अँपिअर घेतो, पण सुरू होताना त्याच्या दोन-तीन पट ओढतो, म्हणून फ्यूज १० चा टाकू नका. अर्थ रेडिएटरच्या टाकीला कधीच देऊ नका, थेट चेसिसवर रंग खरवडून द्या. एक फॅन तापमानाच्या स्विचवर, दुसरा एसी क्लचच्या सिग्नलवर, आणि दुसऱ्या, जास्त अंशाच्या स्विचने दोन्ही.

---

धनकवडी_डिझेल

स्विचच्या अंशाबद्दल एक भर. स्विच खालच्या टाकीत लावणार असाल तर तिथलं पाणी इंजिनातून निघणाऱ्या पाण्यापेक्षा ६ ते १० अंश थंड असतं. ९२ चा स्विच खाली लावला की इंजिन १०० ला पोचल्यावर फॅन सुरू होतो. खाली ८५-८७ चा लावा, किंवा ९२ चाच ठेवून वरच्या तोंडाजवळ, थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला पाण्याची वाट उघडणारी झडप) बाहेर लावा. बलेनोचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) वापरताय आणि त्यातून फॅनचा सिग्नल मिळत असेल तर तोच रिलेला द्या, तो इंजिनाचं खरं तापमान बघून चालतो.

आणि कोणी थर्मोस्टॅट काढून टाका म्हणालं तर ऐकू नका. तो उघडताना नुसती वाट मोकळी करत नाही, बऱ्याच इंजिनांत बायपासची वाट बंदही करतो. काढला की पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतो. थंडीत गाडी तापत नाही आणि घाटात जास्त तापते, दोन्हीकडून नुकसान. ८२ चा थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला लागतो, पूर्ण उघडायला आणखी १०-१२ अंश लागतात. तेव्हा फॅन ८० ला लावून उपयोग नाही, तो बंदच होणार नाही.

---

फोरबायफोर_पौडफाटा

खूप आभार सगळ्यांचे. १० इंचाचे दोन फॅन पटले, पुलीसमोरची जागा माझ्या लक्षातच आली नव्हती. अॅल्युमिनियम, ३२ मिमी, टाक्या वर-खाली, हे नक्की.

आता एक अडचण. या चौकटीत रेडिएटरची वरची टाकी इंजिनाच्या थर्मोस्टॅट हाउसिंगपेक्षा साधारण ४० मिमी खाली येतेय. बॉनेटमुळे वर नेता येत नाही. पाणी भरताना हवा अडकेल ना? आणि झाकण किती प्रेशरचं?

---

जाळीवाला_नानापेठ

अडकेल, आणि ती नेमकी थर्मोस्टॅटखाली अडकेल. थर्मोस्टॅटला पाण्याऐवजी वाफ लागली तर तो वेळेवर उघडत नाही. काटा मध्येच एकदम वर जाऊन खाली येतो, ते याचंच लक्षण.

उपाय: फायरवॉलवर, सगळ्यांत उंच, एक प्रेशर सहन करणारी टाकी बसवा. बऱ्याच आधुनिक गाड्यांत झाकण रेडिएटरवर नसून अशाच टाकीवर असतं, त्यातली दीड-दोन लिटरची चालेल. झाकण तिथेच, रेडिएटरला झाकण ठेवूच नका. थर्मोस्टॅट हाउसिंगच्या सर्वांत वरच्या बिंदूपासून ६-८ मिमीची बारीक नळी टाकीत वरून, रेडिएटरच्या वरच्या टाकीच्या कोपऱ्यातून तशीच दुसरी. टाकीच्या तळातून १९ मिमीचा होज पंपाच्या सक्शनला, म्हणजे खालच्या होजला टी देऊन. बारीक नळ्या चढत्याच गेल्या पाहिजेत, मध्ये कुठे झोळ पडला की तिथे पाणी साचून हवा अडते. वरच्या नळ्या जाड घेतल्या तर गरम पाणी रेडिएटर टाळून टाकीतूनच फिरायला लागतं, म्हणून बारीकच.

झाकण ०.९ बारचं. त्याने नुसतं पाणीसुद्धा ११८ अंशांच्या आसपास उकळतं, कूलंट घातलं की आणखी वर. १.३ चं घातल्याने गाडी थंड होत नाही, फक्त उकळणं पुढे जातं आणि जुन्या हीटरच्या जाळीवर ताण येतो. झाकणाची खोली टाकीच्या तोंडाशी जुळते का तेही बघा, आटे बसले तरी आतलं रबर टेकत नाही असं होतं.

---

उष्मागणित

भरताना: नवी टाकी सर्वांत उंच आहेच, तरी गाडीचं नाक रॅम्पवर घ्या, हीटर पूर्ण गरमवर. बोअरचं पाणी वापरू नका, क्षारांचा थर नळीत आतून बसला की तो वरून दिसत नाही. डिमिनरलाइज्ड पाणी, त्यात ४० टक्के कूलंट. आपल्याकडे गोठायचा प्रश्न नाही आणि ग्लायकॉल वाढवलं की पाण्याची उष्णता वाहायची ताकद कमी होते, पण गंज रोखायला डब्यावर लिहिलेलं किमान प्रमाण पाळा. तयार मिसळलेलं घेतलं तर वर पाणी घालू नका. जुन्या रंगाचं कूलंट ब्लॉकमध्ये उरलं असेल तर आधी दोनदा धुऊन काढा, हिरवं आणि गुलाबी एकत्र करू नका. एकूण किती लिटर गेलं ते लिहून ठेवा. दोन दिवसांनी थंड इंजिनवर जेवढं पुन्हा घालावं लागेल तेवढी हवा आत होती असं समजायचं.

सगळं जोडल्यावर मल्टिमीटरने एक तपासणी करा. इंजिन थंड, झाकण उघडं, काळी प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल प्रोब कूलंटमध्ये बुडवायची, धातूला टेकू द्यायची नाही. मग दिवे, दोन्ही फॅन, स्टार्टर, एकेक करून चालू करा. ०.१ व्होल्टच्या वर आकडा गेला तर त्या वेळी जे चालू केलं त्याचा अर्थ खराब आहे आणि करंट पाण्यातून वाट काढतोय. अॅल्युमिनियमला अशाने काही महिन्यांत आतून बारीक भोकं पडतात, आणि दोष रेडिएटर बनवणाऱ्यावर येतो.

चाचणी दुपारी घ्या. पहिली: गाडी उभी, एसी चालू, वीस मिनिटं. दुसरी: दिवे घाट, दुसऱ्या गिअरमध्ये, आधी एसी बंद करून, मग चालू ठेवून. दोन्ही वेळा वरच्या आणि खालच्या तोंडाचं तापमान इन्फ्रारेड गनने मोजा, पण चकचकीत अॅल्युमिनियमवर गन खूप कमी आकडा दाखवते. दोन्ही तोंडांवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर नेम धरा.

आकड्यांचा अर्थ असा लावा. उभ्या गाडीत तापते आणि चालायला लागल्यावर उतरते: हवा कमी पडतेय, काऊल, फोम आणि फॅनची दिशा बघा (तारा उलट जोडल्या तर फॅन पुढे हवा फेकतो, हे फार वेळा होतं, ग्रिलवर कागद धरा, चिकटला पाहिजे). वेगात तापते आणि वर-खालचा फरक १५ अंशांच्या वर: पाणी हळू फिरतंय, खालचा होज, पंपाचा बेल्ट, थर्मोस्टॅट. दोन्ही तोंडं गरम आणि फरक ३-४ अंशांचाच, हवाही भरपूर: तेव्हाच जाळी लहान पडली म्हणायचं. तुमच्या मापांत आणि या इंजिनाला ही वेळ येईल असं मला वाटत नाही.

---

धनकवडी_डिझेल

एक राहिलं. इंजिन बदलल्याची नोंद आरसीवर झाली पाहिजे, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरटीओची परवानगी, इंजिनाच्या खरेदीचं बिल आणि जुन्या गाडीचे कागद जपून ठेवा, विम्याच्या दाव्याच्या वेळी आधी इंजिन नंबरच बघतात.

आणि काऊल बनवायच्या आधी कंडेन्सर खरोखर जागेवर टांगून बघा. त्याचे पाइप बहुतेक वेळा उजव्या कोपऱ्यात रेडिएटरच्या वरच्या पकडीला अडतात, तेव्हा पकड २० मिमी आत घ्यावी लागते. ते वेल्डिंगच्या आधी कळलेलं बरं.